सस्कॅचेवानचे आकडे कसे वाचावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कडधान्यांचे आणि खतांचे व्यापारी, अर्थशास्त्राचे विद्यार्थी, कॅनडात जाण्याच्या तयारीतली मंडळी आणि तिथे आधीच राहणारे मराठी वाचक यांच्याकडून कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताबद्दल तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सस्कॅचेवान कुठे आहे? इतक्या लांबच्या प्रांताचे आकडे आपण का बघायचे?

कॅनडाच्या पश्चिमेकडच्या गवताळ मैदानात, अल्बर्टा आणि मॅनिटोबा यांच्या मध्ये. प्रांत म्हणून स्थापना १ सप्टेंबर १९०५ ची. राजधानी रेजायना, सर्वांत मोठं शहर सॅस्कटून. क्षेत्रफळ सुमारे साडेसहा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त. आणि २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या होती ११,३२,५०५. आता ती १२ लाखांच्या पुढे गेली आहे. एवढ्या जमिनीवर एवढी थोडी माणसं, त्यामुळे जे पिकतं आणि जे जमिनीखालून निघतं त्यातलं बहुतेक बाहेरच जातं.

आपला संबंध इथेच येतो. आपल्याकडची आयात केलेली मसूर, मिसळीतला आणि रगड्यातला वाटाणा आणि उसाला, केळीला, द्राक्षाला घातलं जाणारं पोटॅश या तिन्हींच्या मागे हा प्रांत उभा आहे. तिथे पाऊस कमी झाला किंवा एखादी खाण थांबली तर काही महिन्यांत त्याचा भाव इथे कळतो. म्हणून तिथले आकडे नीट वाचता आले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

२. हे आकडे गोळा कोण करतं आणि ते मिळतात कुठे?

मुख्य संस्था एकच: स्टॅटिस्टिक्स कॅनडा, म्हणजे केंद्राचं सांख्यिकी कार्यालय. १९१८ मध्ये ते वेगळ्या नावाने सुरू झालं आणि १९७१ पासून आजच्या नावाने चालतं. जीडीपी, रोजगार, महागाई, कारखान्यांची विक्री, पिकं, निर्यात हे सगळं तिथून येतं. प्रांताचं स्वतःचं सस्कॅचेवान ब्युरो ऑफ स्टॅटिस्टिक्स आहे, पण ते बहुतांशी केंद्राचेच आकडे प्रांतापुरते काढून मांडतं. पोटॅश आणि युरेनियमच्या टनांसाठी केंद्राचं नैसर्गिक संसाधन खातं बघावं, आणि शेतातल्या दर आठवड्याच्या परिस्थितीसाठी प्रांताच्या कृषी खात्याचा पीक अहवाल.

स्टॅटिस्टिक्स कॅनडाची नवी आकडेवारी कॅनडाची राजधानी ओटावाच्या वेळेनुसार सकाळी साडेआठला जाहीर होते. आपल्याकडे तेव्हा तिथल्या उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. तक्ते फुकट आहेत. कुणी हेच आकडे पैसे घेऊन ‘खास अहवाल’ म्हणून विकत असेल, तर घेण्याआधी मूळ तक्ता एकदा बघून घ्या.

३. प्रांताची अर्थव्यवस्था केवढी आहे?

२०२४ चा पहिला अंदाज ८०.५ अब्ज कॅनेडियन डॉलरचा होता. आधीच्या वर्षापेक्षा वाढ ३.४ टक्के, आणि त्या वर्षी प्रांतांमध्ये दुसऱ्या क्रमांकाची. मात्र हा आकडा २०१७ च्या किमतींना धरून काढलेला, म्हणजे महागाई वगळलेला आहे; यालाच वास्तव जीडीपी म्हणतात. चालू भावांनी मोजलेला जीडीपी यापेक्षा बराच मोठा दिसतो. बातमीत डॉलरचा आकडा दिसला की तो कोणत्या किमतींचा आहे हे आधी विचारा. सस्कॅचेवानच्या बाबतीत या दोहोंतलं अंतर इतर प्रांतांपेक्षा फार जास्त हलतं. त्याचं कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

४. हा तर शेतीचा प्रांत. मग जीडीपीत शेतीचा वाटा इतका लहान का दिसतो?

कॅनडातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी ४० टक्क्यांहून जास्त या एका प्रांतात आहे. तरीही वास्तव जीडीपीत सर्वांत मोठा भाग, साधारण एक चतुर्थांश, खाणी आणि तेल-वायू यांचा असतो. शेतीचा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

याचं एक कारण हिशेबाच्या पद्धतीत आहे. जीडीपीत मालाची पूर्ण किंमत धरत नाहीत, त्यात घातलेली भर धरतात. शेतकऱ्याने बियाणं, खत, डिझेल, फवारणी यांवर केलेला खर्च त्यातून वजा होतो. दुसरं असं की शेतमाल शेताबाहेर पडला की त्याच्यावर होणारं काम दुसऱ्या उद्योगांच्या खात्यात जातं. कॅनोलाचं (मोहरीच्या जातीच्या तेलबियांचं) तेल काढणं कारखानदारीत, धान्य व्हँकूवरला नेणं वाहतुकीत, एलेव्हेटरमधली, म्हणजे धान्याच्या मोठ्या कोठारांतली, खरेदी-विक्री घाऊक व्यापारात. शेती नसती तर यातलं बरंचसं नसतंच. तेव्हा ‘शेती’ या एका ओळीवरून प्रांतात शेतीला किती महत्त्व आहे ते ठरवू नका.

५. पोटॅशमध्ये सस्कॅचेवानचं जगातलं स्थान नेमकं काय?

पहिलं. कॅनडा हा जगातला सर्वांत मोठा पोटॅश उत्पादक देश आहे, जगाच्या उत्पादनातला सुमारे एक तृतीयांश वाटा त्याचा, आणि न्यू ब्रन्सविक प्रांतातली खाण २०१६ मध्ये थांबल्यापासून कॅनडाचं पोटॅश म्हणजे सस्कॅचेवानचंच पोटॅश.

हा साठा सापडला तो १९४० च्या दशकात, तेल शोधताना. प्राचीन समुद्र आटून तयार झालेले क्षारांचे थर जमिनीखाली सुमारे एक किलोमीटरवर पसरलेले आहेत. १९६२ मध्ये एस्टरहेझी इथली खाण सुरू झाली आणि मग एकामागून एक. १९७५ मध्ये प्रांत सरकारने स्वतःची पोटॅश कंपनी काढली. १९८९ मध्ये तिचं खासगीकरण झालं. २०१० मध्ये बीएचपी या कंपनीने ती विकत घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा प्रांताचे मुख्यमंत्री ब्रॅड वॉल यांनी कडाडून विरोध केला आणि केंद्राने तो व्यवहार अडवला. २०१८ मध्ये तीच कंपनी अॅग्रियम या खत कंपनीबरोबर एकत्र येऊन न्यूट्रियन झाली.

आज मोठे उत्पादक तीन: न्यूट्रियन, मोझॅइक आणि के प्लस एस. बहुतेक ठिकाणी माणसं आणि यंत्रं खाली उतरून खोदतात; बेल प्लेन आणि बेथ्यूनसारख्या ठिकाणी गरम पाणी खाली सोडून क्षार विरघळवून वर आणतात. न्यूट्रियन आणि मोझॅइक उत्तर अमेरिकेबाहेरची विक्री कॅनपोटेक्स या सामायिक कंपनीमार्फत करतात. आपल्याकडच्या इंडियन पोटॅश लिमिटेडचे करार तिच्याशीही होतात. भारत पोटॅशसाठी जवळपास पूर्णपणे आयातीवर अवलंबून असल्यामुळे हे करार आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे.

बीएचपीने पुढे जॅन्सन इथे स्वतःची खाण काढायचं ठरवलं. २०२१ मध्ये पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली, २०२३ मध्ये दुसऱ्या. पहिलं उत्पादन २०२६ ला अपेक्षित होतं, ते नंतर २०२७ वर गेलं. या काळात प्रांताच्या बांधकाम आणि गुंतवणुकीच्या आकड्यांत जी सूज दिसते तिचा मोठा भाग या एका प्रकल्पाचा आहे. खाण सुरू झाली की बांधकामाची ओळ उतरेल आणि खाणींची चढेल. त्या वेळी ‘बांधकाम क्षेत्र कोसळलं’ असे मथळे आले तर ही गोष्ट आठवावी.

६. एका ठिकाणी पोटॅशचं उत्पादन १.४ कोटी टन दिसतं, दुसरीकडे २.३ कोटी टन. खरा आकडा कोणता?

दोन्ही खरे असू शकतात. लहान आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या वजनात सांगितलेला असतो, मोठा प्रत्यक्ष विकल्या जाणाऱ्या मालाच्या, म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच्या वजनात. आपल्या कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या म्युरेट ऑफ पोटॅशच्या गोणीवर ०:०:६० लिहिलेलं असतं, ते हेच सांगतं: १०० किलो मालात ६० किलो पोटॅश ऑक्साइडच्या हिशेबाने.

म्हणून मालाचे टन गुणिले ०.६ ते ०.६१ केलं की ऑक्साइडचे टन मिळतात. सरकारी आणि आंतरराष्ट्रीय तक्ते बहुधा ऑक्साइडमध्ये असतात. कंपन्यांचे अहवाल, आयात-निर्यातीचे आकडे आणि जहाजांची नोंद मालाच्या वजनात. दोन्ही एकाच आलेखात घातले तर उत्पादनाहून निर्यात जास्त दिसू लागते. ही गफलत मी अनेकांच्या प्रकल्प-अहवालांत पाहिली आहे.

७. मसूर आणि वाटाणा किती पिकला हे आम्हाला कधी कळतं?

कडधान्याच्या व्यापाऱ्यांसाठी या पानावरचं सर्वांत कामाचं उत्तर हे असावं, म्हणून जरा सविस्तर.

तिथे पेरणी मे महिन्यात होते आणि काढणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. बाजार-वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. कोणतं पीक किती एकरांवर घ्यायचा विचार आहे याचा अंदाज वसंतात येतो. प्रत्यक्ष किती पेरलं हे जूनच्या अखेरीस कळतं. उत्पादनाचा पहिला अंदाज ऑगस्टच्या शेवटी आणि दुसरा सप्टेंबरमध्ये येतो; हे दोन्ही शेतकऱ्यांना विचारून काढलेले नसतात, तर उपग्रहाची चित्रं, हवामानाच्या नोंदी आणि मागच्या वर्षांचे उतारे यांवरून गणिताने काढलेले असतात. शेतकऱ्यांना विचारून केलेल्या पाहणीचा आकडा डिसेंबरच्या सुरुवातीला येतो आणि त्या हंगामासाठी तोच धरायचा. शिल्लक साठ्याचे आकडे ३१ मार्च, ३१ जुलै आणि ३१ डिसेंबर या तारखांचे असतात.

गणिती अंदाज सरासरी वर्षात बरे बसतात. पण शेवटच्या टप्प्यात ऊन किंवा पाऊस बेसुमार झाला, तर डिसेंबरचा आकडा त्यांच्यापासून बराच दूर जातो. ऑगस्टच्या आकड्यावर मोठा सौदा करताना हे ध्यानात ठेवा आणि त्याच्या जोडीला प्रांताचा आठवडी पीक अहवाल वाचा. त्या अहवालासाठी गावोगावचे स्वयंसेवक आपापल्या भागातला पाऊस, ओल, काढणी यांची माहिती कळवतात.

कॅनडाची बहुतेक मसूर याच प्रांतात होते, त्यामुळे देशाचा आकडा आणि प्रांताचा आकडा जवळजवळ एकच चित्र दाखवतात. वाटाण्याचं तसं नाही. त्यात अल्बर्टाचा वाटा मोठा आहे. मसूर तिथली जुनी नव्हे. सस्कॅचेवान विद्यापीठात १९७१ मध्ये पीक विकास केंद्र उभं राहिलं, तिथे संशोधक अल स्लिंकार्ड यांनी १९७८ मध्ये ‘लेयर्ड’ हा वाण दिला आणि गव्हाच्या, पडीक ठेवलेल्या जमिनीच्या प्रदेशात कडधान्य रुजलं. जमिनीला नत्र मिळतो आणि पाणी कमी लागतं, म्हणून शेतकऱ्यांनी ते धरून ठेवलं. सरकारी संशोधनाला सलग पैसा आणि वेळ दिला की काय घडतं याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं.

तूर मात्र तिथे होत नाही. तुरीच्या भावासाठी सस्कॅचेवानचे आकडे बघून उपयोग नाही. त्यासाठी म्यानमार आणि पूर्व आफ्रिकेकडे बघावं लागतं.

८. बुशेल, पाउंड, एकर, पिंप… याचं क्विंटलमध्ये काय करायचं?

बुशेल हे माप आकारमानाचं, त्यामुळे प्रत्येक पिकाचं वजन वेगळं. गहू, मसूर, वाटाणा ६० पाउंड (२७.२ किलो), जवस ५६, कॅनोला ५०, सातू ४८, ओट ३४ पाउंड. मसुरीचा उतारा बहुधा एकरी पाउंडात सांगतात आणि भाव पाउंडाला सेंटमध्ये. एकरी १,४०० पाउंड म्हणजे सुमारे ६.३५ क्विंटल. एकर तिथलाही तोच, आपल्यासारखाच ४० गुंठ्यांचा. फक्त २०२१ च्या कृषी गणनेत तिथल्या एका शेताचं सरासरी क्षेत्र १,७०० एकरांच्या वर होतं, हे लक्षात घेऊन तुलना करा.

तेलासाठी: एक घनमीटर म्हणजे ६.२९ पिंपं. युरेनियमचं माप प्रश्न ९ मध्ये.

९. भारताला युरेनियम इथूनच येतं का?

कॅनडातल्या चालू युरेनियम खाणी सगळ्या याच प्रांतात आहेत, उत्तरेकडच्या अथाबास्का खोऱ्यात. मॅकआर्थर रिव्हर आणि सिगार लेक इथलं खनिज जगातल्या सरासरीच्या कितीतरी पट समृद्ध आहे. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने भारताशी अणुसहकार्य तोडलं. २०१० मध्ये नवा करार झाला, २०१३ मध्ये तो लागू झाला आणि एप्रिल २०१५ मध्ये सॅस्कटूनच्या कॅमेको कंपनीने २०२० पर्यंत ७१ लाख पाउंड युरेनियम देण्याचा करार भारताच्या अणुऊर्जा विभागाशी केला. त्या वर्षाच्या अखेरीस पहिला माल पोहोचला.

आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळा. पाउंडात सांगितलेलं वजन युरेनियम ऑक्साइडचं असतं, टनांत सांगितलेलं बहुधा शुद्ध युरेनियमचं. एक टन युरेनियम म्हणजे सुमारे २,६०० पाउंड ऑक्साइड. आणि २०१८ ते २०२२ या काळातल्या घसरणीवरून साठा संपत आला असं समजू नका. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर भाव पडले, म्हणून मॅकआर्थर रिव्हरची खाण मुद्दाम बंद ठेवली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

१०. तेलही निघतं?

निघतं, रोज साधारण साडेचार लाख पिंपं. अल्बर्टानंतर कॅनडात दुसरा क्रमांक. पश्चिमेला लॉइडमिन्स्टरच्या बाजूला जड तेल, आग्नेयेला वेबर्न-एस्टेव्हनच्या बाजूला हलकं. वेबर्नला जुन्या विहिरींत कार्बन डायऑक्साइड सोडून उरलेलं तेल वर काढण्याचं काम २००० पासून चाललं आहे. हे तेल आपल्याकडे येत नाही; बरंचसं नळवाहिनीने अमेरिकेकडे जातं.

११. कारखाने आहेत की फक्त कच्चा माल?

आहेत. यॉर्कटन आणि रेजायनाच्या परिसरात कॅनोलाचे तेलकारखाने, रेजायनाला तेलशुद्धीकरण आणि पोलादी नळांचा कारखाना, सेंट ब्रियूसारख्या छोट्या गावात पेरणी यंत्रं बनवणारी बोर्गो कंपनी. मोठ्या कोरडवाहू शेतावर नांगरट न करता एका फेरीत बी आणि खत पेरणारी ही यंत्रं तिथल्याच गरजेतून तयार झाली आणि पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत गेली. मासिक कारखानदारी पाहणीत दिसते ती विक्री असते, उत्पादन नव्हे, आणि ती चालू भावांनी. डिझेल महागलं की ‘कारखानदारी वाढली’ असं वाटू शकतं.

१२. २०२२ मध्ये प्रांताने निर्यातीचा विक्रम केला. मग उत्पादनही विक्रमी होतं का?

नाही, आणि हा फरक कळला की अर्धे प्रश्न सुटतात. २०२२ ची निर्यात ५२.६ अब्ज कॅनेडियन डॉलर, तोवरची सर्वांत जास्त. पण त्या वर्षी युक्रेनवर आक्रमण झालं, रशिया आणि बेलारूसचं पोटॅश बाजारात येणं अवघड झालं, गहू आणि तेल कडाडलं. भारताचा पोटॅश करार २०२२ च्या सुरुवातीला टनाला ५९० अमेरिकी डॉलरला झाला होता. एप्रिल २०२३ मध्ये तोच ४२२ ला झाला आणि २०२४ मध्ये ३०० च्याही खाली गेला. खाणीतून निघणारे टन एवढे वरखाली झाले नव्हते.

म्हणून निर्यातीचे डॉलर, चालू भावांचा जीडीपी आणि प्रांताचं स्वामित्वधन (रॉयल्टी) हे तिन्ही भावांबरोबर उसळतात-पडतात. वास्तव जीडीपी आणि टनांचे तक्ते त्यातला भाव बाजूला काढतात. ‘तिथे किती काम झालं’ हे बघायचं असेल तर दुसरा गट, ‘तिथे किती पैसा आला’ हे बघायचं असेल तर पहिला.

१३. मग २०२२ मध्ये वास्तव जीडीपीच्या वाढीतही पहिला क्रमांक कसा आला?

कारण आदलं वर्ष फार वाईट गेलं होतं. २०२१ च्या उन्हाळ्यात पश्चिम कॅनडात भीषण दुष्काळ आणि उष्णतेची लाट आली. सस्कॅचेवानचं एकूण पीक आधीच्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आलं. देशाची मसूर २०२० ला सुमारे २९ लाख टन होती, ती २०२१ ला १६ लाखांच्या आसपास उतरली. २०२२ मध्ये पाऊस बरा झाला, पीक नेहमीच्या पातळीकडे परतलं आणि पहिल्या अंदाजात जीडीपीची वाढ ५.७ टक्के दिसली, सर्व प्रांतांत सर्वाधिक. ती खरी वाढ होतीच, पण तिचा मोठा भाग म्हणजे गमावलेलं परत मिळणं. कोरडवाहू शेतीच्या प्रदेशाची एका वर्षाची टक्केवारी कधीच एकटी वाचू नये. निदान तीन वर्षं शेजारी ठेवावीत. मराठवाड्याचे आकडे वाचणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

१४. एकाच वर्षाचा जीडीपी दर वेळी वेगळा का दिसतो? आणि तिमाही आकडा का सापडत नाही?

प्रांताचा पहिला अंदाज पुढच्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला येतो. तो उद्योगवार आणि मूळ किमतींना धरलेला असतो, म्हणजे वस्तूंवरचे कर त्यात नसतात. नोव्हेंबरमध्ये उत्पन्न आणि खर्चाच्या बाजूने काढलेला, बाजारभावांचा जीडीपी येतो, आणि त्याबरोबर मागची वर्षंही सुधारली जातात. सुधारणा म्हणजे लपवाछपवी नाही; करविवरणं आणि कंपन्यांचे वार्षिक हिशेब उशिराच हाती येतात. लेखात आकडा देताना तो कोणत्या महिन्यात प्रसिद्ध झाला तेही लिहावं.

तिमाही जीडीपी स्टॅटिस्टिक्स कॅनडा प्रांतनिहाय काढतच नाही. ऑन्टॅरिओ आणि क्युबेक हे प्रांत आपापले काढतात. सस्कॅचेवानसाठी कुणी ‘तिमाही जीडीपी’ सांगत असेल तर तो एखाद्या बँकेचा अंदाज असणार. वर्षाच्या मधली चाहूल घ्यायची तर रोजगार, निर्यात, किरकोळ विक्री, घरबांधणी हे मासिक आकडे बघावेत.

१५. सगळ्या उद्योगांची बेरीज केली तर एकूण जीडीपीशी जुळत नाही. माझं काय चुकलं?

काही नाही. महागाई वगळण्यासाठी जी साखळी पद्धत वापरतात तिच्यात प्रत्येक वर्षाचं वजन आधीच्या वर्षाच्या किमतींवरून ठरतं, त्यामुळे आधारवर्षापासून दूर जावं तशी बेरीज एकूणाशी जुळत नाही. पोटॅश आणि तेलासारखे भाव जोरात बदलणारे उद्योग जिथे मोठे, तिथे हे अंतर जास्त. टक्केवारीचे वाटे काढायचे असतील तर चालू भावांचे तक्ते घ्या.

१६. तक्त्यात आकड्याच्या जागी एक्स, एफ अशी इंग्रजी अक्षरं येतात. त्यांचा अर्थ काय?

‘एक्स’ म्हणजे आकडा आहे, पण गोपनीयतेच्या कायद्यामुळे दाखवता येत नाही. ‘एफ’ म्हणजे नमुना इतका तोकडा की आकडा विश्वासार्ह नाही. ‘ई’ म्हणजे वापरा, पण जपून. ‘पी’ प्राथमिक, ‘आर’ सुधारित. दोन टिंबं म्हणजे त्या काळासाठी उपलब्ध नाही.

या प्रांतात ‘एक्स’ वारंवार भेटतो, कारण अनेक उद्योगांत दोन-तीनच कंपन्या आहेत. आकडा छापला तर एक कंपनी दुसरीचं गुपित वजाबाकीने काढू शकेल. ‘एक्स’ला शून्य समजून बेरीज करू नका. विद्यार्थ्यांच्या एक्सेल फाइलींत हे नेहमी घडतं.

१७. कॅनडा म्हणतो इतकी मसूर भारताला पाठवली, आपलं वाणिज्य मंत्रालय वेगळाच आकडा देतं. कुणावर विश्वास ठेवायचा?

दोघांवरही, फरक समजून घेऊन. कॅनडा बंदरावर चढवतानाची किंमत धरतो, आपण जहाजभाडं आणि विम्यासकट. माल पोहोचायला महिना-दीड महिना लागतो, त्यामुळे तिथली डिसेंबरची निर्यात इथली जानेवारी-फेब्रुवारीची आयात होते. वर्षही वेगळं: त्यांचं कॅलेंडर किंवा बाजार-वर्ष, आपलं एप्रिल ते मार्च. शिवाय काही मसूर तुर्कस्तानात भरडून पुढे जाते, काही माल दुबईमार्गे फिरतो. पोटॅशचा काही भाग अमेरिकेतल्या पोर्टलँड बंदरातून निघतो.

टनांची तुलना करा, पैशांची नको. दोन्हीकडे मसुरीचा कोड ०७१३४० आणि पोटॅशियम क्लोराइडचा ३१०४२० असतो, तोच निवडा. आपल्या आकड्यांत फक्त ‘कॅनडा’ असतं, प्रांत नसतो. मसूर आणि पोटॅशसाठी त्याने फारसं बिघडत नाही, वाटाण्यासाठी बिघडतं (प्रश्न ७).

एखाद्या महिन्यात निर्यात अचानक पडली तर पीक बघण्याआधी रेल्वे बघा. प्रांताला समुद्र नाही. व्हँकूवर दीड हजार किलोमीटरच्या पुढे. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन्ही मोठ्या रेल्वे कंपन्यांचं काम एकाच वेळी थांबलं होतं.

१८. आयात शुल्काचा परिणाम या आकड्यांत दिसतो का?

ठळक दिसतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने वाटाण्यावर ५० टक्के शुल्क लावलं आणि डिसेंबरमध्ये मसुरीवर ३० टक्के. पुढच्या पेरणीला तिथल्या शेतकऱ्यांनी मसुरीचं क्षेत्र घटवलं. डिसेंबर २०२३ मध्ये पिवळा वाटाणा शुल्कमुक्त झाला आणि जहाजं पुन्हा वळली. मार्च २०२५ पासून मसुरीवर १० टक्के आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून पिवळ्या वाटाण्यावर ३० टक्के शुल्क आलं. त्याच २०२५ मध्ये चीनने कॅनडाच्या वाटाण्यावर १०० टक्के शुल्क लावलं. अशा वर्षी पेरणीचे एकर हवामानाहून जास्त दिल्ली आणि बीजिंगच्या अधिसूचनांवर ठरतात. सौद्याच्या दिवशी चालू अधिसूचना स्वतः तपासा. शुल्क रातोरात बदललेलं आपण पाहिलं आहे.

१९. बेरोजगारी कॅनडाच्या सरासरीपेक्षा कमी आहे. मग तिथे गेल्यावर नोकरी पक्की?

असा निष्कर्ष काढू नका. खाणी जीडीपीत मोठ्या असल्या तरी त्यांना माणसं थोडी लागतात. नोकऱ्या मुख्यतः आरोग्य, किरकोळ व्यापार, शिक्षण, बांधकाम यांत असतात, आणि त्यातल्या अनेकांना स्थानिक परवाना लागतो. प्रांत लहान असल्याने पाहणीचा नमुनाही लहान; एका महिन्याच्या हालचालीवर निर्णय घेण्यापेक्षा तीन महिन्यांची सरासरी बघा.

आणि एक मोठी उणीव. बेरोजगारी ज्यातून मोजतात त्या श्रमबल पाहणीत राखीव भूभागांत, म्हणजे आदिवासी राष्ट्रांच्या रिझर्व्हवर राहणाऱ्यांना धरत नाहीत. सस्कॅचेवानच्या लोकसंख्येत मूळनिवासी सुमारे १७ टक्के आहेत आणि त्यांतले अनेक रिझर्व्हवर राहतात, जिथे कामाची टंचाई जास्त आहे. म्हणजे ज्यांना काम सर्वांत कमी मिळतं तेच या टक्केवारीबाहेर राहतात. पूर्ण चित्र फक्त दर पाच वर्षांच्या जनगणनेत दिसतं. प्रांताच्या यशाची बातमी वाचताना ही गोष्ट मला सतत बोचते, आणि ती प्रत्येक तक्त्याखाली ठळक छापली जावी असं वाटतं.

२०. दरडोई जीडीपी एवढा मोठा, म्हणजे लोक तेवढेच श्रीमंत का?

नाही. दरडोई जीडीपीत हा प्रांत कॅनडात वरच्या रांगेत असतो, पण जीडीपी म्हणजे तिथे निर्माण झालेलं मूल्य. पोटॅश, तेल, युरेनियम यांच्या नफ्याचा बराच भाग प्रांताबाहेरच्या, देशाबाहेरच्या भागधारकांकडे जातो. घरात काय येतं ते बघायचं तर कुटुंबांचं खर्चायोग्य उत्पन्न बघा. त्यात प्रांतांमधलं अंतर पुष्कळ कमी होतं.

२१. महाराष्ट्राच्या आकड्यांशी थेट तुलना करता येईल का?

मर्यादेत. आपलं राज्य सकल उत्पन्न एप्रिल ते मार्च या वर्षाचं, त्यांचा जीडीपी जानेवारी ते डिसेंबरचा. प्रांताचं अंदाजपत्रक मात्र आपल्यासारखंच १ एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे स्वामित्वधन आणि कर यांची तुलना सोपी. आधारवर्ष वेगळं आहे, तेव्हा रुपयांत बदललेल्या रकमांपेक्षा वाढीचे दर आणि वाटे शेजारी ठेवा. एकूण आकाराची तुलना फारसं काही शिकवत नाही. पिकांचा उतारा, पाण्याचा वापर, संशोधनावरचा खर्च यांची तुलना शिकवते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कडधान्यांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी प्रश्न ७ मधल्या पीक विकास केंद्राच्या १९७१ पासूनच्या वाणांची यादी आणि त्या त्या वर्षीचं मसुरीचं क्षेत्र एकाच आलेखावर काढून पाहावं.